दोन नावांची एक बाई

बाबा, आज तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडण्यात काही अर्थ नाही, हे मला कळतं. पण ज्यांच्यावर चिडायला हवं ती माणसं एकतर नियमाकडे बोट दाखवतात, नाहीतर हात जोडतात, आणि दोन्ही प्रकारांत मला काही बोलता येत नाही. तुम्ही निदान वाद तरी घातला असता. ताटावरून उठून, चष्मा पुसत, आवाज न चढवता, पुढच्याला आणखी चिडवत. तेव्हा ऐका. यावेळी आईला मतदान करू दिलं नाही.

आई आता माझ्याकडे असते, गुरुग्रामला. दादा परदेशी गेल्यावर त्याचा दिल्लीचा फ्लॅट बंद केला आणि तिला इकडे आणलं. तुम्हाला हे गाव ओळखू येणार नाही. तुम्ही पाहिलं होतं तेव्हा मोहरीची शेतं होती, आता आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो आणि खाली उतरल्याशिवाय माती दिसत नाही. सोसायटीच्या गेटवर कार्ड, लिफ्टला कार्ड, माझ्या ऑफिसात तर गळ्यात कार्ड नसेल तर दारच उघडत नाही. त्यामुळे मतदानाला ओळखपत्र सक्तीचं असावं की नसावं यावर टीव्हीवर माणसं तावातावाने भांडतात तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच मत असतं. असावंच. कार्ड असावं, अंगठा घ्यावा, डोळे तपासावेत, जन्माचा दाखला मागावा. ज्याच्याकडे नसेल तो बाहेरचा. मी त्या वादात पडत नाही. पण खरं सांगायचं तर वाचताना मला तुमचाच आवाज ऐकू यायचा, आणि तुमची आठवण आली की मला ती माणसं तितकीशी चुकीची वाटायची नाहीत.

कारण आजीची गोष्ट. प्रत्येक निवडणुकीला तुम्ही ती सांगायचात, आम्हाला पाठ झाली तरी. वर्ध्याजवळचं तुमचं गाव, शाळेतलं मतदान, धुतलेलं लुगडं नेसून निघालेली आजी आणि तिचा हात धरलेले तुम्ही. टेबलाशी बसलेल्या माणसाने यादी पाहिली आणि म्हणाला, "तुहं मत होऊन गेलं, बाई." आजी म्हणाली, "मी तं आत्ताच आली." मागे उभे असलेले गावातले मोठे लोक हसले. आमच्या वस्तीतल्या बहुतेकांची मतं सकाळीच कुणीतरी देऊन टाकली होती. आजी परत फिरली आणि रस्त्याने तिने तुमचा हात इतका घट्ट धरला होता की दुखत होता, पण तुम्ही सोडवून घेतला नाहीत. इथवर आलात की तुम्ही चष्मा पुसायचात. मग म्हणायचात, "तिच्याकडे फोटोचं कार्ड असतं ना, तर त्याची हिंमत झाली नसती."

म्हणून फोटोची कार्डं निघाली तेव्हा तुमच्याइतका आनंद आमच्या दिल्लीच्या सरकारी कॉलनीत कुणालाच झाला नसेल. बाकीचे कंटाळत रांगेत उभे राहिले. तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलात. कार्डं आली तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. आई भाकरी थापतेय, हात पिठाचे, आणि तुम्ही ऑफिसातून आल्या आल्या बूट न काढता थेट स्वयंपाकघरात शिरलात. कार्डं ओट्यावर मांडलीत. सगळ्यांचे फोटो भुतासारखे आले होते, तरी तुम्ही खूश. "बघ, आता तुला कुणी परत पाठवू शकणार नाही," आईला म्हणालात. मग तिचं कार्ड नीट वाचलंत आणि तुमचा चेहरा उतरला. कार्डावर तिचं माहेरचं नाव होतं.

मतदारयादी करायला बाई दारात आली होती तेव्हा तुम्ही ऑफिसात होतात. नाव विचारलं आणि आईने तिच्या आईने ठेवलेलं नाव सांगितलं. पुढे तुमचं नाव, आडनाव, सगळं बरोबर. फक्त पहिलं नाव तुम्ही लग्नात ठेवलेलं नव्हतं. तुम्ही चिडलात. "सरकारी कागदावर खोटं नाव देतात का?" आई भाकरी उलटत म्हणाली, "खोटं कुठाय? ते पहिलं आहे." तुम्ही दुरुस्तीचा फॉर्म आणतो म्हणालात, ती म्हणाली मी सही करणार नाही. तुमच्यासमोर तिने नाही म्हटलेलं मी फार वेळा ऐकलेलं नाही. शेवटी तुम्ही तो फॉर्म आणलाच नाहीत.

आता मला तुम्हाला विचारायचंय, बाबा. बौद्ध पद्धतीने साधं लग्न केलंत. हुंडा नाही, मानपान नाही, मुहूर्त नाही. सगळं जुनं टाकलंत याचा तुम्हाला केवढा अभिमान. मग बायकोचं नाव बदलायची रीत तेवढी कशी टाकायची राहिली? तुम्हाला ते दुसरं नाव आवडत होतं, एवढंच कारण मला आईकडून कळलं आहे. तिला कुणी विचारलं नाही. आणि तुम्ही गेल्यावर फॅमिली पेन्शन त्या नावाने सुरू झाली, पेन्शनच्या कागदावरून आधार निघालं (ते तुम्ही पाहिलंच नाही, तुमच्यानंतर आलं), आधारवरून पॅन, बँक, दवाखाना, सगळं. माहेरच्या नावाचा एकच सरकारी कागद उरला होता, मतदानाचं कार्ड. दर निवडणुकीला ती ते रुमालातून काढायची, मत द्यायची, परत रुमालात ठेवायची.

गेल्या वर्षी ई-रिक्षातून येताना तिची पर्स कुणीतरी ओढून नेली. कार्ड त्यात गेलं. त्याआधीच आम्ही तिचं नाव इथल्या यादीत हलवून घेतलं होतं, म्हणून मी निश्चिंत होते. नव्या कार्डासाठी अर्ज केला, ते पोस्टाने आलंच नाही. मोबाइलवर उतरवून घ्यावं म्हटलं तर ओटीपी दादाच्या बंद झालेल्या नंबरवर जातो. नंबर बदलायला गेले तर तिथेही आधी ओटीपी लागतो. मी म्हटलं, जाऊ दे यार, आधार तर आहे, आधार चालतं. नाव यादीत आहे, आधार हातात आहे. आणखी काय पाहिजे?

मतदान आमच्याच क्लबहाउसमध्ये होतं. आई निळी साडी नेसून, काठी घेऊन, माझ्यापुढे चालत होती. आतला बूथचा अधिकारी तरुण होता, कुठल्याशा शाळेत मास्तर असावा, हरियाणवी, बोलायला मऊ. त्याने यादी पाहिली, आधार पाहिलं, परत यादी पाहिली. "माताजी, लिस्ट में तो नाम कुछ और है." मी समजावलं. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात, नवऱ्याचं नाव बघा, पत्ता बघा, वय बघा, सगळं जुळतंय. तो मान डोलावत होता. मला वाटतं त्याने सोडलंच असतं. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एका पक्षाचे पोलिंग एजंट उठले. आमच्याच शेजारच्या टॉवरमधले, रिटायर्ड, रोज संध्याकाळी बागेत आईच्या शेजारच्या बाकावर बसणारे. त्यांनी दोन्ही कागदांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ये तो दो अलग औरतें हैं जी."

मी म्हटलं, "अंकल, तुम्ही ओळखता हिला!" म्हणजे हिंदीत म्हटलं, पण इतकी चिडले होते की आधी मराठीच बाहेर पडलं. ते शांतपणे म्हणाले, "पर्सनली तो बिल्कुल जानता हूँ बेटा. पर रूल तो रूल है. ऐसे तो कोई भी आ जाएगा."

आई त्यांच्याकडे वळली. "परसों मेरे हाथ का थालीपीठ खाया आपने. तब नहीं पूछा मैं कौन सी औरत हूँ."

कुणीतरी हसलं. ते नाही हसले. अधिकाऱ्याने आईला खुर्ची दिली आणि विचारलं, "माताजी, आपका असली नाम क्या है?" आई म्हणाली, "दोनों असली हैं. एक माँ ने रखा, एक इसके पिताजी ने." "पहले वाले नाम का कोई कागज़? स्कूल का, कुछ भी?" शाळा तिची चौथीत सुटली आणि ती शाळासुद्धा आता उभी असेल की नाही कोण जाणे. त्याने वरच्या साहेबाला फोन लावला, लागला नाही. परत लावला. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मैडम, लिखित में ऑब्जेक्शन आ गया तो मेरी नौकरी पे आ जाएगी. आप कागज़ ले आओ, मैं यहीं बैठा हूँ."

माझी कागदपत्रं मात्र एका नजरेत जुळली. बोटाला शाई लागली, बटण दाबलं, बाहेर आले. आई क्लबहाउसच्या ओट्यावर, खुर्ची टाकून बसली होती. मी म्हटलं, "चल आई, घरी जाऊ." ती म्हणाली, "मी बसते." "अगं पण कशाला? कागद नाहीये आपल्याकडे." "माहितेय. मतदान संपेपर्यंत बसते." मी चिडले, समजावलं, घरी जाऊन डबा घेऊन आले. ती जेवली, पण उठली नाही. दिवसभर अख्खी सोसायटी तिच्यासमोरून मत द्यायला गेली. प्रत्येक जण नमस्ते करत होता, तब्येत विचारत होता. कामवाल्या बायका, ड्रायव्हर, टॉवरमधल्या मुली, सगळे तिला आईजी म्हणतात, आणि त्यातला एकही तिला विचारत नव्हता की तू कोण. एजंट अंकल मध्येच बाहेर आले, पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवली आणि आत गेले. ती बाटली तिने उघडली नाही.

संध्याकाळी दारं बंद झाली तेव्हा तो तरुण अधिकारी बाहेर आला, वाकला आणि म्हणाला, "माताजी, बुरा मत मानना." मला वाटलं आई नेहमीसारखं काहीतरी गोड बोलेल, डोक्यावरून हात फिरवेल. ती काठी टेकून उठली आणि म्हणाली, "बुरा तो माना है, बेटा." आणि चालू लागली.

त्यानंतर मी दुरुस्तीच्या मागे लागले. यादीचं काम बघणारी बाई घरी आली, भली होती, चहा घेतला. तिने स्पष्ट सांगितलं, "एक ही नाम चलेगा, आंटी. कौन सा रखना है?" मी आईला म्हटलं, तुझं पहिलं ठेवू. बाकीचं सगळं बदलू, आधार, बँक, मी धावपळ करते, वकील लावते. मला खरंच ते हवं होतं. तुमच्यावर सूड उगवल्यासारखं वाटलं असतं, म्हणूनही असेल. "पेन्शन कुठल्या नावावर आहे?" आईने विचारलं. मी सांगितलं. "मग तेच ठेव. पहिलं खोड." आणि सही केली, सावकाश, तुमच्या नावाने. म्हणजे तुम्ही ठेवलेल्या नावाने. इतक्या वर्षांपूर्वी जी सही तुमच्यासमोर करायला ती तयार नव्हती, ती एका अनोळखी बाईसमोर चहाच्या कपाशेजारी करून टाकली. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले, कारण मला काहीतरी फेकून द्यावंसं वाटत होतं.

आता नवं कार्ड आलंय. फोटो छान आलाय. पुढच्या वेळी तिला कुणी अडवणार नाही. ग्रुपवर एजंट अंकलनी लिहिलं, "देखा, सिस्टम काम करता है." कुणीतरी टाळ्यांचं चित्र टाकलं.

मला तुमच्याशी भांडायचं होतं ते इथे. आजीच्या नावाने दुसऱ्याने मत दिलं, म्हणून तुम्हाला कार्ड हवं होतं. आईला स्वतःच्या नावाने मत देता आलं नाही, कारण कार्ड नव्हतं. या दोघींमध्ये मी कुठे उभं राहायचं ते मला सांगा. टीव्हीवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या माणसांना या दोघींपैकी एकच बाई माहीत आहे. मला दोन्ही माहीत आहेत आणि म्हणून मला धड एकही बाजू घेता येत नाही. याचा मला किती वैताग येतो, तुम्हाला कल्पना नाही.

परवा आईचे पाय चेपताना मी तिला म्हटलं, "बाबा त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीवर असते ना, तर त्यांनी तुला आत सोडलं असतं." तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. आई डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "नसतं सोडलं. नियम सांगितला असता. आणि मग घरी येऊन जेवले नसते."

मी वाद घातला नाही. हे पत्र कुठे पाठवायचंही नाही, म्हणून लिहून टाकते. ती बरोबर बोलली हे मला लगेच कळलं, आणि त्या क्षणी माझा तुमच्यावरचा राग कमी झाला नाही, पण तुम्ही न जेवता उठलेले मला दिसलात, आणि मी तिचे पाय चेपता चेपता, तिला कळू नये म्हणून, तोंड फिरवलं.