मिलच्या दुसऱ्या गेटसमोर

३० जाने., शुक्र.
पाटी लागली! ‘वैशाली ब्लाऊज’. निळ्यावर पांढरं. सकाळपासून चारदा रस्ता ओलांडून पलीकडून बघून आले. चौथ्यांदा उसाचा रसवाला हसला. हसू दे. चौदा वर्षं गिरगावात मॅडमच्या बुटीकमध्ये शिवलं, गळ्याच्या लेबलवर नाव त्यांचं. आता माझं.

नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बुद्धवंदना म्हटली आणि पहिली टीप माझ्याकडून मारून घेतली.

मॅडम म्हणाल्यात, “महिनाभर तुझी मशीन रिकामी ठेवते. २८ फेब्रु.ला सांग, नाहीतर दुसरी बाई बघते.” चांगलंच बोलल्या, पण मुदत महिन्याचीच. नवऱ्याच्या, संजूच्या एकट्याच्या पगारात गाळ्याचं भाडं बसत नाही. गिऱ्हाईक लागलं नाही तर पुन्हा गिरगाव.

पत्रकं छापायचीच. किती?

१ फेब्रु., रवि.
घरात दिवसभर नुसते आकडे.

संजू : पाच हजार, बिनधास्त.

शिल्पा (शाळेपासूनची. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काउंटरवर) : “दोनशे पुरे गं. साडी बघताना कागद कोण बघतंय? पण मी प्रत्येक पिशवीत टाकते, तू टेन्शन नको घेऊ.”

नाना अठ्ठ्याहत्तरचे, जन्म गेला मिलच्या साच्यांवर कापड विणण्यात. त्यांचा हिशेब खोल्यांचा. “पहिल्या चाळीत ऐंशी खोल्या, दुसरीत ऐंशी...” म्हटलं, नाना, दुसरी पाडून टॉवर झाला. “मग? त्यात माणसंच राहतात ना गो?”

मी चपात्या लाटता लाटता उलटा हिशेब केला. माझ्या एकटीच्याने दिवसाला चार ब्लाऊज. पाच हजारांतून दोनशे जणी आल्या तर? तारीख चुकली की बाई पुन्हा तोंड दाखवत नाही. आणि कोणीच नाही आलं तर

नको.

३ फेब्रु., मंगळ.
लालबागला मोहित्यांच्या छापखान्यात. “ताई, हजार काय नि पाच हजार काय, खटाटोप मशीन लावण्याचाच. पाचच घ्या.” जीभ वळली होती पाचकडे! एक हजार म्हटलं आणि सुटले.

प्रूफ घरी आणलं. सगळ्यांनी वाचलं, नानांनी भिंग लावून. फोन नंबर मी तीनदा बोट ठेवून तपासला. पत्ता नानांनी सांगितला तसाच : ‘मिलच्या दुसऱ्या गेटसमोर’. मोहिते म्हणाले, “झकास. डोळे मिटून येतील लोक.”

६ फेब्रु., शुक्र.
आले! काय वास असतो नव्या छपाईचा. मशीनवर गठ्ठे मांडले आणि शिवायचं सोडून बघत बसले.

४०० शिल्पाकडे. ३०० पेपरवाल्याकडे, तो पेपरात घालणार. ३०० नानांनी हिसकावून घेतली. लग्नपत्रिका द्यावी तशी देतात म्हणे, आत बसून, विचारपूस करून. पहिल्या दिवशी बावीस पत्रकं आणि नऊ कप चहा. संध्याकाळी जेवले नाहीत.

११ फेब्रु., बुध.
पाच दिवसांत एकोणीस जणी! एका आजींनी नातीच्या लग्नाचं आणलं, पांढऱ्या साडीवरचं, बाहीला निळी पाइपिंग. कापड हातात घेतलं आणि डोळे भरून आले. वेडी आहे मी.

गंमत म्हणजे सगळ्या जुन्या बायका. एकीचा नवरा मिलमध्ये, एकीचा भाऊ. टॉवरमधली एकही नाही, हिंदमाताहून एकही नाही. शिल्पा शपथेवर सांगते, पिशव्यांत टाकलीत म्हणून. मग जातात कुठे?

१५ फेब्रु., रवि.
कळलं कुठे जातात.

दुपारी फोन. टॉवरमधली पल्लवी, आवाजावरून तिशीची. “अहो, वीस मिनिटं गेट शोधतेय. इथे मिलच नाहीये. पार्किंग आहे नुसतं.”

खरंच की, मिल पाडून तिथे टॉवरचं पार्किंग झालंय. गेट तोडलं तेव्हा मी नुकती लग्न होऊन आले होते. स्वतः बघितलंय तोडताना. अजून टॅक्सीवाल्याला ‘गेटवर सोड’ म्हणते! सगळ्यांनी प्रूफ वाचलं, मोहित्यांनी छापलं, एकालाही खटकलं नाही. सगळे इथलेच ना.

जाऊन घेऊन आले तिला. तीन ब्लाऊज शिवायला दिली तिने, मापाचं जुनं सोबत. पण जिने फोनच केला नाही, ती फिरून घरी गेली असेल. अशा किती?

नाना तडकले, “गेट सापडत नाही म्हणजे? एवढं मोठं गेट!” मग बराच वेळ खिडकीतून त्या बाजूला बघत होते. मला फार वाईट वाटलं.

१६ फेब्रु., सोम.
उरलेल्या पत्रकांवर पेनाने टॉवरचं नाव टाकू, म्हटलं. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला, तीन वाजता निघाले. सहा वाजता दोन बायकांना घेऊन हजर. “गेटवर उभ्या होत्या, शोधत.”

तीन ही त्यांची दुसऱ्या पाळीची वेळ!

२१ फेब्रु., शनि.
रोज तीन ते सहा. टॉवरच्या वॉचमनने प्लास्टिकची खुर्ची दिलीय, बसत नाहीत. हातात कागद दिसला की, “ब्लाऊज का? या माझ्यामागून.” आज सहा जणी, पल्लवीच्या मैत्रिणी. रांगेने आणल्या. वाटेत मिल कुठून कुठवर होती तेही दाखवून झालं.

दिवसाला चारची पाच करतेय. पाठ दुखते. मजा येतेय!

२७ फेब्रु., शुक्र.
पत्रकं संपत आली. मोहित्यांचा फोन, “ताई, दुसरा लॉट किती? आणि पत्ता तोच?” मॅडमचाही आला, “उद्या सांगतेस ना?” दोघांनाही उद्या सकाळी, म्हटलं. वहीत सत्तेचाळीस ब्लाऊज बाकी आहेत. पण लग्नसराई संपल्यावर?

नाना चहाला आले तेव्हा विचारलं, गेटची ओळ ठेवू की काढू?

“काढ. नव्या लोकांना काय कळणार?”

मला नाही काढायची, म्हटलं. तुम्ही उभे राहणार असाल तर.

“किती दिवस राहू?”

कागद संपेपर्यंत.

त्यांनी बशी पुसली, माझ्याकडे बघितलं. “मग जास्त छाप.”

जास्त म्हणजे किती, ते ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं.