देवीनं पदर घेतला तो मंगळवार

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मला भीती वाटत नाही. वाचता येत असतं तर मी लिहायला बसलेच नसते. परवा अमरावतीत एक सत्काराचा कार्यक्रम झाला. पौरोहित्य करणाऱ्या बायकांचा सत्कार, आणि अध्यक्ष मी. या बायका वर्ग करून, परीक्षा देऊन शिकल्या आहेत. लग्नं लावतात, वास्तुशांत करतात, मंत्रांचा अर्थ मराठीत समजावून सांगतात, कन्यादान गाळून टाकतात. बोलायला उभी राहिले आणि म्हणाले, धर्मातला अधिकार बाईनं मागत बसू नये, घेऊन मोकळं व्हावं. टाळ्या पडल्या. मग नेहमीसारखी तुझी गोष्ट सांगितली. अंगात देवी येणारी अडाणी आई आणि तिचं ढोंग चारचौघांत उघडं पाडणारी कॉलेजातली मुलगी. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत इतक्या सभागृहांत सांगितली आहे की आवाज कुठे खाली आणायचा तेही आता ठरून गेलंय. एकाच भाषणात आधी त्यांचं कौतुक आणि मग तुझी टिंगल, यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

सभागृहात मी काय सांगत नाही ते ऐक. आठवड्यातले सहा दिवस बाबा तुला मारायचे. त्याला कारण लागायचं नाही. वावरातून यायला उशीर झाला, वरण पातळ झालं, शेजारीण जरा जास्त वेळ बसली, काहीही चालायचं. सातव्या दिवशी, मंगळवारी, तू सकाळी डोक्यावरून न्हायचीस, केस मोकळे सोडायचीस आणि देव्हाऱ्यासमोर पाटावर बसायचीस. दुपारी बाराच्या सुमारास घुमायला लागायचीस. अंगण बायकांनी भरून जायचं, पार अकोटहून एसटीनं बायका यायच्या. आणि सगळ्यांत आधी बाबा पुढे होऊन तुझ्या पायावर डोकं ठेवायचे. एरवी ज्या माणसाचं नाव तुझ्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही, त्याला तू सगळ्यांदेखत नावानं हाक मारायचीस, केसांना धरून त्याचं डोकं वर उचलायचीस आणि तोंडावर भंडारा फेकायचीस. ते डोळे मिटून घ्यायचे. मला त्यांचा तो चेहरा फार आवडायचा.

मी दहावी झाले तेव्हा माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलाकडची माणसं येऊन गेली, चहा झाला, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. त्या मंगळवारी तू बाबांना जवळ ओढलंस आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "हे पोरगी माही हाय. हिले अकोल्याले शिकाले धाडजो. नाई धाडलं त तुह्या वावरात पऱ्हाटीले एक बोंड धरनार नाई." कपाशी बुडायच्या भीतीनं बाबांनी तिथल्या तिथे कान पकडले. जूनमध्ये मी अकोल्याच्या वसतिगृहात होते. स्त्रीवादावरचं पहिलं पुस्तक मी तिथे वाचलं. त्यात तुझ्यासारखी बाई कुठेच नव्हती, आणि मी ती शोधलीही नाही.

तू खरंच घुमायचीस की नाटक करायचीस, हे मी एकदाच विचारलं होतं. तेव्हा मी बारा वर्षांची होते. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस, ओठ फाटला होता, म्हणजे तो मंगळवार नव्हता. मी म्हणाले, "माय, खरंच येते काय वो देवी?" तू भाकरी तव्यावर टाकलीस, तिला वरून पाणी लावलंस आणि म्हणालीस, "तुह्या बापाले येते असं वाटते ना? मंग येते." मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं.

तू साधी नव्हतीस, हेही मी इथे लिहिणार आहे. मेलेल्या आईला पत्र लिहिताना तिला देवता करायची पद्धत आहे, ती मला जमणार नाही. वरच्या आळीतल्या एका सुनेला मूल होत नव्हतं. सासू तिला तुझ्यापुढे घेऊन आली आणि तू त्या पोरीला कडुनिंबाच्या डहाळ्यांनी झोडपलंस. वळ उठले. ती ओरडत होती आणि बायका देवीच्या नावाचा गजर करत होत्या. मी सुट्टीत घरी आले होते, दारात उभी राहून बघत होते. नंतर मी तुझ्यावर ओरडले तर तू शांतपणे केस बांधत म्हणालीस, "देवीनं मारलं म्हंजे सव्वा महिना घरच्यानं हात लावाचा नाई. तिची सासू रोज मारते तिले, ठाऊक हाय का तुले?" मला तेव्हा ते उत्तर लबाडीचं वाटलं. आजही अर्धं वाटतं. सव्वा महिन्यासाठी ते वळ त्या पोरीनं स्वतःहून मागितले असते का, हे तू तिला विचारलं नव्हतंस. भाषणात मी हाच प्रसंग कारण म्हणून सांगते. म्हणते, त्या सुनेचं रडं मला सहन झालं नाही, म्हणून मी ते थांबवलं.

थांबवलं कसं, ते तुला कळलं असणारच. तुझे सासरे, म्हणजे तुझे मामाजी, आमचे आबाजी, थोरल्या काकांकडे अकोटला राहायचे. मंगळवारी ते आपल्याकडे कधी फिरकायचे नाहीत, त्यांना बायकांची गर्दी नको असायची. आबाजी समोर आले की तुझा उजवा हात पदराकडे जायचा, हे मी जन्मापासून बघत होते. कणीक मळत असलीस तर पिठाच्याच हातानं पदर डोक्यावर ओढायचीस. एकदा तापानं फणफणली होतीस, शुद्ध नव्हती, पण बाहेर त्यांचं खाकरणं ऐकल्याबरोबर हात हलला होता. म्हणून एका मंगळवारी मी सकाळच्या गाडीनं अकोटला गेले आणि बाबांनी बोलावलंय असं खोटं सांगून आबाजींना घेऊन आले. तू ऐन भरात होतीस, केस मोकळे, डोळे फिरलेले, बाबा पायाशी बसलेले. आबाजी दारात थांबले, खाकरले आणि म्हणाले, "काय चालू हाय हे?"

तुझा हात वर गेला. घुमणं तसंच चालू होतं, पण हात गेला, पाठीवरचा पदर शोधला आणि मोकळ्या केसांवरून नीट कपाळापर्यंत ओढला.

मग मी हसले. बाबा आधी माझ्याकडे बघत राहिले, मग तुझ्याकडे, आणि उठून उभं राहत म्हणाले, "देवी सासऱ्याले भेते काय?" तेव्हा बाकीचेही हसले. ज्या बायका दर मंगळवारी तुझ्या पायाचं तीर्थ प्यायच्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. तू पाटावर बसून राहिलीस. त्या पदराखाली तुझा चेहरा मला दिसला नाही, आणि मला तो बघायचाही नव्हता.

पुढच्या मंगळवारी कोणी आलं नाही. तू तरी न्हालीस, पाटावर बसलीस. बाबांनी तुला पाटावरूनच ओढलं. आतापर्यंत फसवलेल्या सगळ्या मंगळवारांचं ते एकदम वसूल करत होते. मी स्वयंपाकघरात होते. दाराला कडी नव्हती, पण मी बाहेर आले नाही.

मी निघाले त्या दिवशी तू मला सोडायला फाट्यावर आलीस. एका डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. भाकरी आणि ठेच्याची पुरचुंडी माझ्या हातात दिलीस आणि रस्त्याकडे बघत विचारलंस, "मामाजीले तूनं आनलं काय वो?" मी म्हणाले, "नाई वो. ते आपल्याच मनानं आले." तू मान हलवलीस. "बरं. मले वाटलं, तूनं आनलं." गाडी आल्यावर पिशवी खिडकीतून आत दिलीस आणि म्हणालीस, "शिक." त्यानंतर तू नऊ वर्षं जगलीस. त्या नऊ वर्षांत तुला आठवड्याला एकही सुट्टी मिळाली नाही.

परवा कार्यक्रम संपताना मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. कॉलेजात शिकणारी असावी, सेमाडोहकडून आले म्हणाली. तिच्या आजीच्या अंगात येतं. मला वाटलं, आता अंधश्रद्धेचं काहीतरी विचारेल. तिनं विचारलं, "मॅडम, त्या दिवसानंतर तुमच्या आईचं काय झालं?" इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी माइक जवळ घेतला आणि म्हणाले, "तिनं ते सगळं सोडून दिलं." टाळ्या पडल्या. ती मुलगी टाळ्या न वाजवता खाली बसली.

आता आम्ही मागतो की बाईला गाभाऱ्यात जाऊ द्या, पोथीला हात लावू द्या, पुरुषानं तिच्यापुढे वाकावं. तुला हे सगळं मिळालेलं होतं, आठवड्यातून एक दिवस, कोणाची परवानगी न घेता. तू ते चोरून मिळवलं होतंस, आणि त्यातलं थोडं विषारी होतं. तरी माझ्या सगळ्या ठरावांनी मिळून एका बाईचा जेवढा मार वाचला नसेल तेवढा तुझा त्या पाटावर वाचत होता. स्त्रीवाद म्हणजे काय, असं मला दर मार्च महिन्यात कोणीतरी विचारतं आणि मी छान उत्तर देते. तुझ्यापुढे ते उत्तर द्यायची माझी हिंमत नाही.

हे कागद मी भाषणांच्या फायलीत ठेवणार आहे, तिथे कोणी बघत नाही. फक्त एक गोष्ट राहिली. भाषणात मी सांगते की पहिल्या वर्षाला असताना, डोळे उघडल्याबरोबर, मी ते ढोंग मोडलं. ते खोटं आहे. डोळे बाराव्या वर्षीच उघडले होते. त्या सुनेला मारलंस तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते आणि त्यानंतरही वर्षभर गप्प राहिले, कारण बाबांनी मला परत बोलावू नये म्हणून तुझी देवी मला लागत होती. आबाजींना आणायला मी अकोटला गेले, त्याच्या आदल्या दिवशी माझा बी.ए.चा निकाल लागला होता.