भूपाच्या दाराबाहेर

सोमवार, ६ जानेवारी

गिरगावातून परळला जायला बस लगेच मिळाली. शाळेत दुसरीच्या वर्गात भूप सुरू केला. वर्ग म्हणजे भूपाचं घर, सात मुलं म्हणजे सात सूर. सा, रे, ग, प, ध येतात, घर भरतं. मग म आणि नी दार वाजवतात. भूप म्हणतो — "तुम्ही या घरात वर्ज्य! दाराबाहेर बसा." दोघं बाहेर व्हरांड्यात जाऊन बसतात, आत पाच जण गातात. मुलं हसली. मीही हसल्यासारखं केलं.

हे नाटुकलं माझ्या नवऱ्याने लिहिलेलं. तो गेला त्याला पाच महिने होतील. त्यातला एक शब्दही मी बदलत नाही. मी गोष्ट सांगते, सूर मोबाइलवर लावते. गात नाही. कोणी विचारलं तर घसा बसलाय म्हणते. पाच महिने बसलेला घसा!

मंगळवार, ७

काही नाही. भात जास्त झाला.

गुरुवार, ९

नणंद आली होती, राजलक्ष्मी. सगळ्या भिंतींवरून नजर फिरवून म्हणाली, "वहिनी, दादाचा एकही फोटो नाही?" नाही. फोटो, कुडते, त्याची पेटी — सगळं माळ्यावर आहे. तिला पुन्हा एकदा सांगितलं, त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. मीही काढत नाही. या वहीतसुद्धा नाही. ती बिचारी रडायला लागली. मी कप विसळून ठेवले.

सोमवार, १३

संघमित्रा तासाला नव्हती. ती म होते. वर्गात सगळ्यांत पक्का गळा तिचा, म्हणून तर तिला म दिला. पुढे मालकंस घेऊ, त्यात म राजा असतो. हे तिला सांगायचं मला सुचलं नाही. वर्गशिक्षिका मायाताई म्हणाल्या, "आलीय शाळेत. तुमच्या तासाला बसणार नाही म्हणते."

बरं. दुसऱ्या मुलीला म केलं.

बुधवार, १५

तिचे आजोबा आले. सीतारामकाका. गिरणीत होते, आता शाळेमागच्या चाळीत राहतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. मला वाटलं, यांना सगळं पहिल्यापासून समजवावं लागणार. सुरुवातही केली — काका, कसं असतं, प्रत्येक रागात काही सूर...

त्यांनी हात वर केला. "बाई, भूप ठाऊक आहे मला. बावीस वर्षं जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवलीय. भूपात म लागत नाय. ते विचारायला नाय आलो."

मी हातातला नाटकाचा कागद घडी करून ठेवला.

"माझा बाप कोकणात शाळेच्या दाराबाहेर बसून शिकला. मास्तर आत, हा बाहेर. आणि आता पोरगी घरी येऊन बोलते, आबा, बाईंनी मला बाहेर बसवलं. तिला काय सांगू? रागाचा नियम आहे म्हणून?"

मी म्हटलं, नाटकात तसंच लिहिलंय. हे माझं उत्तर!

ते आवाज न चढवता म्हणाले, "म कधी दाराबाहेर नसतो, बाई. पेटी बघा. ग आणि पच्या मध्येच असतो तो. भूप वाजवताना आपण त्याच्यावर बोट ठेवत नाय, एवढंच."

मग उठले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

गुरुवार, १६

लाज वाटते आहे. सात पिढ्या आम्ही मुंबईत. घरात गाणं, घरात पुस्तकं. आणि सात वर्षांच्या मुलीला 'वर्ज्य' म्हणून बाहेर बसवताना मला काहीही दिसलं नाही. लिहिताना त्यालाही दिसलं नाही. सकाळभर त्याच्यावर चिडले. गेलेल्या माणसाशी भांडले, मोठ्याने, स्वयंपाकघरात उभी राहून.

जरा भूक लागली.

शुक्रवार, १७

त्याच्या कागदावर पेनाने काट मारली. दार गेलं, 'वर्ज्य' गेलं. आता सातही सूर शाळेच्या जिन्यावर उभे राहणार, एकेक पायरीवर एकेक. भूपात म आणि नी गप्प. पण आपल्या पायरीवरच.

दुपारी स्टुलावर चढून पेटी खाली काढली. धूळ पुसली. वाजवून बघितली नाही.

सोमवार, २०

चाळीत गेले. सीतारामकाकांनी खुर्ची दिली, स्वतः खाटेवर बसले. संघमित्रा कपाटाला टेकून उभी. माफी तिचीच मागायची होती, ती मागितली. माझं चुकलं, म्हटलं. जिन्याचं सांगितलं.

तिने नीट ऐकून घेतलं. "किती वेळ गप्प उभं राहायचं?"

"भूप संपेपर्यंत."

"आणि मग?"

"मग मालकंस. त्यात तू राजा."

"बघते," म्हणाली.

काकांना विचारलं, पेटी वाजवाल का? माझ्याकडे आहे एक. "बोटं आखडलीत," म्हणाले. नाही मात्र म्हणाले नाहीत.

मंगळवार, २१

रिक्षा गिरगावात येत नाही, टॅक्सीने पेटी परळला पोचवली. सगळा वेळ मांडीवर धरली होती.

शुक्रवार, २४

संघमित्रा आली. अख्खा भूप होईपर्यंत चौथ्या पायरीवर उभी होती, ओठ घट्ट मिटून. काकांनी सा धरला, मोबाइल पर्समध्येच राहिला. मुलं माझ्याकडे बघत होती, म्हणून मी सा लावला. आवाज फाटला. दुसऱ्यांदा लागला.

नंतर ती पेटीवर बोट फिरवत म्हणाली, "बाई, ही कोणाची?"

"अभयची," मी म्हटलं.