रिठदच्या विहिरीतला माझा अर्धा हिस्सा

मी, भागिरथा ग्यानबा खिल्लारे, वय ५८, राहणार रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम, पूर्ण शुद्धीत, कोणी न शिकवता, न धमकावता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी प्रकृती उत्तम आहे. कागद करते आहे तो आजारपणामुळे नव्हे, दीर बबनमुळे.

माझे पती २००३ साली एचआयव्हीच्या आजाराने वारले. माझाही रिपोर्ट तसाच निघाला. आठ दिवसांत बबनने मला गोठ्यात काढले आणि आमच्या वावरातल्या विहिरीचा दोर माझ्या हातातून ओढून घेतला. गावच्या विहिरीवर पाणी भरले म्हणून त्याच्याच आजोबांनी एकेकाळी मार खाल्ला होता. त्याला आठवले नाही, म्हणून इथे नोंदवते.

गोळ्यांसाठी तेव्हा नागपूरला जावे लागे. तापात मी दोनदा बसस्टँडवर पडले. पुढे सरकारने औषध दिले, परदेशातल्या एका संस्थेने तपासणीचे मशीन दिले आणि आम्हा पेशंटांच्या संगत मंडळाने घरोघर फिरून माणसे आणली, तेव्हा कुठे वाशीमला गोळ्या सुरू झाल्या. तिघांपैकी एक जरी मागे सरला असता तरी मी आज नसते.

मागच्या महिन्यात बबन घरी आला. म्हणाला, "वहिनी, तुले मांगं-पुढं कोनी नाई. वावर घरातच राहू दे." मी चहा दिला. चहावर साय धरली, तरी त्याने कपाला हात लावला नाही. मी विचारले, "भाऊजी, अजूनबी भेव लागून राह्यलं काय?" तो उठून गेला. म्हणून:

१. अकरा वर्षे कोर्टात भांडून मिळवलेले माझे दीड एकर वावर व विहिरीतला अर्धा हिस्सा संगत मंडळाला द्यावा. तिथे खोली बांधून रिसोडकडच्या पेशंटांना गोळ्या जवळ मिळाव्यात. येणाऱ्या प्रत्येकाने त्याच विहिरीचे पाणी प्यावे. बबन अडवील, तर मंडळाने माझ्याच वकिलाकडे जावे. त्याला सगळे ठाऊक आहे.

२. शिलाई मशीन बबनची मुलगी रूपा हिला. दहा वर्षांची असताना तिने गोठ्यात मला चोरून दूध आणले आणि बापाचा मार खाल्ला.

३. बबनला माझी ॲल्युमिनियमची ताटली. तिच्यात तो लांबून भाकर टाकत असे. घासून ठेवली आहे.

४. बबनने मला खांदा देऊ नये. मंडळातल्या बायका उचलतील.

५. या कागदाची नक्कल बबनला आजच रजिस्टर पोस्टाने पाठवावी. मी गेल्यावर त्याला कळून मला काय मिळणार? डॉक्टर म्हणतात, गोळ्या चुकवल्या नाहीत तर आणखी वीस वर्षे सहज जगाल. मी एकही चुकवत नाही.

सही: भागिरथा ग्यानबा खिल्लारे

आमच्यादेखत वाचून, समजून सही केली. साक्षीदार:
१. धम्मरत्न इंगळे, निवृत्त शिक्षक, रिठद
२. हेमसिंग राठोड, एसटी वाहक, मेडशी

ठिकाण: रिसोड
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५