‘येतो’ म्हणाले

बाई,

तुम्ही गेल्याला आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी खोटं बोलून माझा काही फायदा नाही आणि खरं बोलून काही बिघडणार नाही. तरी लिहायला बसण्याआधी मी उठून दाराला आतून कडी घातली. घरात मी एकटीच आहे. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, कडी नेमकी कुणासाठी? तुमचं हे असंच असायचं. प्रश्नाला प्रश्न. दोन वर्षं मी तुमच्या हाताखाली शिकले आणि त्या दोन वर्षांत तुम्ही एकाही गोष्टीचं सरळ उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. मी मुळात संशयी. गावी कोडोलीत आई म्हणायची, ही पोरगी देवाचा प्रसादसुद्धा वास घेऊन खाते. अशा पोरीला तुमच्यासारखी बाई मिळाली, म्हणजे आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास.

समुपदेशन हा शब्द तेव्हा कोल्हापुरात कुणाच्या तोंडी बसला नव्हता. एम.ए. होऊन पुढे हे शिकायला मी कसबा बावड्यात मावशीकडे राहायला आले. मावशीचे यजमान साखर कारखान्यात होते आणि हंगामात मळीचा वास माझ्या वह्यांनासुद्धा यायचा. मावशी भाकरी थापता थापता विचारते, “एवढं काय शिकतीस गं?” मी सांगते, “लोकांचं ऐकून घ्यायला.” ती हात थांबवून माझ्याकडे बघते. “आन् त्येला दोन वरसं? मग आमी काय बहिऱ्या हाय व्हय?” खरं सांगायचं तर मलाही तिच्यासारखंच वाटत होतं. हा नक्की अभ्यास आहे की कुणीतरी आम्हा पाच जणांना उल्लू बनवतंय, हे पहिल्या सहा महिन्यांत मला ठरवता आलं नाही.

तुम्ही पुण्याकडच्या. बोलणं धुतलेल्या तांदळासारखं, आणि आम्हा विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो. इतरांना त्याचं कौतुक होतं. मला वाटायचं, ही बाई माणसाला लांब ठेवण्यासाठी ‘तुम्ही’ म्हणते. सरावाची खोली तुमच्या खोलीला लागून होती आणि मध्ये नुसता प्लायवूडचा आडोसा. अलीकडे आम्ही, समोर खुर्चीत मन मोकळं करायला आलेला माणूस, आणि पलीकडे तुमचं टेबल. तुम्ही म्हणायचात, मी ऐकत नाही, मला तुमच्या नोंदींतून सगळं कळतं. मुलाखत झाली की शब्दन् शब्द आठवून लिहायचा आणि तुम्हाला द्यायचा, ही तुमची शिस्त. मी मनात म्हणायचे, बघू.

येणाऱ्या माणसाला म्हणायचं काय, यावर एकदा वर्गात वाद झाला होता, आठवतो? रोगी म्हणायचं नाही, अशील म्हटलं की कोर्ट आठवतं. मी मागच्या बाकावरून बोलून गेले, “आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, बाई.” सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. डायरी काढून काहीतरी लिहिलंत. त्या दिवसापासून मला खात्री होती की तुम्ही आमच्या गावंढळ शब्दांची यादी करताय आणि सुट्टीत पुण्याला जाऊन ती वाचून दाखवणार.

माझे पावणे इचलकरंजीचे होते. चाळिशीचे, यंत्रमागावरचे कामगार. तिथल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या देऊन देऊन शेवटी चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवलेले. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे ते जे काही सांगायचे ते ओरडून. तुम्ही आम्हाला हळू आवाजात, मध्ये थांबत बोलायला शिकवलं होतं. मी हळू बोलले की ते हात कानामागं धरून म्हणायचे, “आँ? काय म्हणलासा?” मग मीही ओरडायची. माणसाच्या मनातली गुपितं आम्ही दोघं सबंध व्हरांड्याला ऐकवत होतो. मावशीला हे कळलं असतं तर तिनं दोन वर्षांचा हिशेब पुन्हा मागितला असता.

त्यांचं दुःख साधं होतं आणि भयंकर होतं. कुस्त्या बघायला जायचं म्हणून त्यांनी धाकट्या भावाला आपल्या पाळीला उभं केलं. त्याच दिवशी भावाचा उजवा हात मागाच्या पट्ट्यात गेला. चार बोटं गेली. “त्यो काय बोलत न्हाय, ताई,” ते ओरडायचे. “शिव्या दिल्या आस्त्या तर बरं झालं आस्तं. माझ्यासमोर बसून डाव्या हातानं जेवतोय.”

पहिल्या नोंदीत मी हे असं लिहिलंच नव्हतं. ‘मला अपराधी वाटते, निद्रा येत नाही’ असं सुरेख अक्षरात लिहून आणलं. तुम्ही सगळ्यांसमोर वही उघडलीत. “हे गृहस्थ इचलकरंजीला राहतात ना? मग पाठ्यपुस्तकात कधी राहायला गेले?” वर्ग हसला. माझे कान तापले. “झोपेचं खरं काय म्हणाले?” मी खाली बघून सांगितलं, “डोळं मिटलं की माग चालू हुतोय, म्हणाले.” तुम्ही वही मिटलीत. “हे वाक्य तुम्ही टाकून दिलंत आणि निद्रा लिहिलीत. पुन्हा त्यांचा शब्द बदलू नका. एकही.” तो अपमान मी पुरा गिळला नाही. ठीक आहे, पाहिजे ना शब्द, घ्या शब्द, म्हणून पुढच्या प्रत्येक नोंदीत मी त्यांचा खोकला लिहिला, खाकरणं लिहिलं, एकदा तर व्हरांड्यातून शिपाई ‘च्या’ म्हणून ओरडला तेही लिहिलं. त्यावर तुमची कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण. मला वाटलं, खिजवताय.

मग तो शनिवार. आठवी की नववी भेट. त्या दिवशी ते फारसे ओरडत नव्हते, हे मला आत शिरल्याशिरल्या जाणवायला हवं होतं. धीर देऊ नका, आधी ऐका, हे तुम्ही शंभरदा सांगितलेलं. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “तुमची काही चूक नाही. मनाला लावून घेऊ नका.” ऐकू गेलं नाही असं वाटून पुन्हा मोठ्यानं म्हणाले. ते मग उठले, टोपी घातली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणून गेले.

रविवारी कोडोलीला स्वयंपाकघरात बसून मी नोंद लिहिली. आई चुलीपाशी, मी पाटावर. सगळं जसंच्या तसं लिहिलं. शेवटची ओळ अशी लिहिली: ‘बरं हाय ताई. येतो.’

सोमवारी तुम्ही ती उभ्याउभ्याच वाचलीत. शेवटाला येऊन थांबलात. मला अजून तो क्षण दिसतो. खिडकीतून ऊन येतंय, तुमचं बोट कागदावर आहे.

“निघताना काय म्हणाले ते?”

“लिहिलंय ना, बाई.”

“लिहिलेलं वाचलं. म्हणाले काय?”

“येतो म्हणाले.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी नजर हलवली नाही. लहानपणापासून मला ते जमतं. तुम्ही रजिस्टर उघडून पत्ता उतरवून घेतलात, पर्स उचललीत आणि “तास तुम्ही सुरू ठेवा” एवढं बोलून निघून गेलात. मला वाटलं, विभागप्रमुखांकडे माझी तक्रार करायला गेलात. तासभर मी नाव काढून घेण्याच्या अर्जाची वाक्यं जुळवत बसले होते.

पुढल्या शनिवारी पावणे आले ते भावाला घेऊन, आणि माझ्यासमोर न बसता सरळ तुमच्या खोलीत गेले. मला कुणी काही सांगितलं नाही. भाऊ व्हरांड्यात बाकावर बसला होता, उजवा हात खिशात. त्याच्याकडून मला कळलं.

“सोमवारी दादा कामाला गेला न्हाय. सकाळीच माझ्या पोरीस्नी खाऊ आणला. हातातलं घड्याळ काढून माझ्या उशाखाली ठेवलं. आन् वरच्या खोलीत जाऊन आतनं कडी घातली. आमी हाका मारतोय, त्येला ऐकू येत न्हाय का येऊनबी बोलत न्हाय, काय कळंना. तेवढ्यात ह्या बाई आल्या. जिना चढल्या आन् दारावर थापा मारून वरडल्या की वं, पावणं आलंय! दार उघडा! च्या टाका! आक्खी गल्ली गोळा झाली.”

“मग?”

“मग काय. दारात पावणं हुभं म्हणल्यावर कसा बसंल त्यो आत? उघडलं दार.” त्यानं तुमच्या दाराकडं बघितलं. “आत काय करत हुता त्ये आमी इचारलं न्हाय. बाईंनीबी न्हाय. तिघांनी च्या पिला.”

तुम्ही, ज्यांचा आवाज कधी वर्गाच्या तिसऱ्या बाकापलीकडे गेला नाही, त्या तुम्ही इचलकरंजीच्या एका गल्लीत ‘पावणं आलंय’ म्हणून ओरडलात. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला सांगू, बाकावर बसून मी पदरात तोंड घालून रडले. पण तासाभरात दुसरं सुरू झालं. माझा माणूस तुम्ही काढून घेतलात, हे एक. आणि तुम्हाला कळलं कसं, हे दुसरं. पलीकडून ऐकत नाही, असं तुम्हीच म्हणायचात. ते हळू बोलले होते, दाराशी. म्हणजे तुम्ही आडोशामागं उभ्या होता की काय? सगळे गेल्यावर मी ते प्लायवूड वरपासून खालपर्यंत तपासलं. एक खिळ्याचं भोक सापडलं. त्यात मी कागदाचा बोळा कोंबला. पदव्युत्तर शिक्षण घेत होते मी तेव्हा.

परीक्षा झाल्यावर तुम्ही मला घरी बोलावलंत. दोन खोल्या, रॉकेलचा स्टोव्ह, तुम्ही पोहे करताय आणि मी कोथिंबीर निवडतेय. त्या दिवशीसुद्धा मी भांडी मोजत होते, बाईंच्या घरी आणखी कोण येतं-जातं बघायला. नोकरीसाठी म्हणून तुम्ही माझ्या हातात शिफारसपत्र ठेवलंत. त्यात एक ओळ होती: ‘नोंदी अत्यंत प्रामाणिकपणे ठेवतात.’ मी पत्र घाईनं घडी करून पिशवीत टाकलं. निघताना मी गडबडले आणि कॉलेजातलं ‘येते’ विसरून आमच्या गावच्या बायका म्हणतात तसं म्हणाले, “येतो, बाई.” तुम्ही दाराला टेकून उभ्या होता. किंचित हसून म्हणालात, “हा ‘येतो’ मात्र तुमचा स्वतःचा.”

त्या एका ‘मात्र’नं मला उभा जन्म पोखरलंय. माझी बोली सुटली म्हणून तुम्ही गंमत केलीत, की तो कागदावरचा ‘येतो’ कुणाचा होता हे तुम्हाला ठाऊक होतं? आणि ठाऊक होतं तर ते पत्र कशाला दिलंत? दया म्हणून? की जन्मभर जवळ बाळगायला शिक्षा म्हणून? दोनदा विचारायला आले होते. एकदा तुमच्याकडे माणसं बसली होती. दुसऱ्यांदा तुम्ही आजारी होता आणि मला बघून ‘बसा’ म्हणालात, ते ‘तुम्ही’ तेव्हाही तसंच होतं.

आज हे लिहिण्याचं कारण माझी एक विद्यार्थिनी. हो, मीही शिकवते, मीही प्रश्नाला प्रश्न विचारते. मागच्या आठवड्यात तिची नोंद वाचताना मी शेवटच्या ओळीवर अडखळले. ‘येते म्हणाल्या.’ आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या मुलीनं आजवर एकाही नोंदीत निरोपाचा शब्द लिहिला नव्हता. मग याच वेळी का? बाई, मीसुद्धा कधी लिहिला नव्हता! खोकला लिहिला, चहा लिहिला, पण निरोप म्हणजे काय लिहायचा, सगळे येतोच म्हणतात. ज्या दिवशी मी तो मुद्दाम लिहिला, त्या दिवशी तुम्हाला कळलं. आडोसा नाही, भोक नाही. नुसतं वाचणं. मी त्या मुलीला समोर बसवून तुमच्याच आवाजात विचारलं, म्हणाल्या काय? ती म्हणाली, येते म्हणाल्या. माझा विश्वास बसेना. नोंदीतल्या त्या बाईंच्या घरी मी स्वतः गेले. त्या मजेत होत्या, मटार सोलत होत्या. येतेच म्हणाल्या होत्या. मुलगी खरं बोलत होती आणि आता माझ्याशी नीट बोलत नाही. म्हणजे बघा, तुमची युक्ती मला सापडली आणि पहिल्याच फटक्यात चुकीच्या माणसावर वापरली. आणि तुम्हीही तेव्हा नुसता अंदाज केला होतात की तुमची खात्री होती, ते मला अजूनही माहीत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. कपाटात, त्या शिफारसपत्राखाली ठेवीन. तेवढं मात्र सांगून टाकते. ते ‘जातो’ म्हणाले होते. हळू म्हणाले, तरी मला स्वच्छ ऐकू आलं. आमच्या घरी कुणी भांडी विकणारी बाईसुद्धा चुकून ‘जाते’ म्हणाली तर आई तिला मागं बोलवायची, बसवायची, घोटभर पाणी देऊन ‘येते’ म्हणवून घ्यायची. मी तिची मुलगी. ते दारात उभे होते, आणि मी त्यांना मागं बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या चुलीपाशी बसून कागदावर बोलावलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते, गोंधळले होते, नवशिकी होते. तसं काही नव्हतं, बाई. पाच वाजता कोडोलीची एस.टी. होती आणि मला खिडकीची जागा पाहिजे होती.