मादी: अज्ञात

मंगळवार, दुपार

प्रिय शिवकन्या,

फोन न करता कागद पुढे ओढला आहे, याचं तुला नवल वाटेल. पण मागे तूच म्हणाली होतीस, "आत्या, फोनवर तू भाषण करतेस. मी मध्ये उठून चहा करून येते, तरी तुला पत्ता नसतो." तर आज लिहून बोलते. इथे टाळ्या पडत नाहीत, त्यामुळे वाक्य कुठे थांबवायचं ते माझं मलाच ठरवावं लागतं. घरी सगळे मजेत आहेत. तुझ्या बाबांचा गुडघा आता फक्त जिना दिसला की दुखतो. हळद माझ्या छातीला लागली आहे आणि पानं अशी रुंद झाली आहेत की बांधावरून चालताना सरीतलं माणूस दिसत नाही. म्हैस व्याली, पारडी झाली. खरवस तुझ्या नावाने खाल्ला, म्हणजे मीच खाल्ला.

श्रावणात तू आलीस ते दिवस अजून घरात रेंगाळत आहेत. ओट्यावर तुझा सूक्ष्मदर्शक होता, तिथे आता पुन्हा तुझ्या बाबांचा पानाचा डबा आला आहे. तू ओढ्याच्या काठाने साबणाचं पाणी घालून पिवळ्या वाट्या मांडल्या होत्यास, आणि धुणं घेऊन आलेल्या पार्वतीबाईने विचारलं होतं, "काय गं पोरी, ओढ्याला निवद दाखवून राहिली का?" त्या वाट्यांत पडलेल्या शेकडो चिलटांमधून तू एक माशी उचललीस आणि मला हाक मारलीस. मी वाकून पाहिलं. बाजरीच्या दाण्याएवढी माशी, अंग मोरपिसाच्या हिरव्या रंगाचं, आणि पाय एवढे लांब की दाण्याला कुणी काठ्या बांधून चालवलं आहे असं वाटावं. पुढच्या पायाच्या टोकाला काळा, चपटा पंखा, आणि त्याच्या वर पांढरं कडं. तू म्हणालीस, हा नर आहे, आणि हा पंखा मी आजवर कोणत्याच वर्णनात वाचलेला नाही.

खरं सांगू? तू लहान होतीस तेव्हा मला वाटायचं की तू माझ्यामागे बोलायला उभी राहशील. मी तुला सभांना न्यायचे. मी दारूवर बोलायचे, हुंड्यावर बोलायचे, आणि तू माझ्याकडे पाठ करून दिव्यावर जमलेले किडे बघत बसायचीस. एवढा समुदाय मला ऐकतो आहे आणि माझ्याच भाचीला पाकोळ्यांचं कौतुक, म्हणून मी घरी येताना फुरंगटून बसायचे. या श्रावणात तो राग कुठे गेला ते कळलं नाही. तू ओट्यावर बसून त्या नराच्या पाठीवरचे केस तपासत होतीस, पंखातली शीर कुठे वाकते ते बघत होतीस, शेपटाकडचा तो दुमडलेला भाग सुईने सोडवून त्याचं चित्र काढत होतीस. शंभर वर्षांपूर्वीची वर्णनं शेजारी ठेवून एकेक नात्यातली माशी बाजूला सारत होतीस. "ही नाही. हीपण नाही." वकिलाने साक्षीदार तपासावेत तसं.

मग तू ते वर्णन माझ्यासाठी मराठीत करून वाचून दाखवलंस. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण असं गद्य वाचलं नव्हतं. त्यात "अत्यंत" नाही, "अप्रतिम" नाही. पाय पिवळे. मागच्या मांडीचं टोक काळं. पंख स्वच्छ. जे आहे ते, आणि जेवढं आहे तेवढंच. मी मनात म्हटलं, बेबीबाई, तुझ्या भाषणातून एवढी विशेषणं काढली तर मागे काय उरेल? आणि तेवढ्यात तू शेवटची ओळ वाचलीस. मादी: अज्ञात.

तेव्हा मी किती भडकले ते तुला आठवत असेलच. नराचं दीड पान आणि बाईच्या वाट्याला एक शब्द! मी ओट्यावरच सभा भरवली. तुझे बाबा खळ्याकडे निघून गेले. तू मात्र शांतपणे चहा गाळत सांगितलंस की यात कुणाचा अन्याय नाही. या माश्यांच्या माद्यांना पंखा नसतो, कडं नसतं. चार जातींच्या माद्या शेजारी ठेवल्या तर त्यांच्या आयांनाही ओळखता यायच्या नाहीत. मादी कुणाची, हे एकाच गोष्टीने खात्रीने कळतं. ती त्या नराबरोबर जोडीने सापडायला हवी. "तुला एवढा राग आला असेल, तर तूच शोध," म्हणालीस, आणि जाताना ती तोंडाने श्वास ओढून किडे पकडायची नळी, स्पिरिटच्या बाटल्या आणि भिंग माझ्या हवाली करून गेलीस.

आता ग्रामसभेचं सांगते, कारण तू त्याबद्दल फोनवर एकदाच विचारलंस आणि मी विषय बदलला. ओढा सरळ करून दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत घालायची, असा ठराव आला होता. काठच गेला तर चिखल गेला, आणि चिखल गेला तर तुझी माशी गेली, एवढं तुझ्याकडून शिकले होते. मी उठले. ओढ्याकाठी शेत असलेले उत्तमराव आधीच तापलेले होते. ते म्हणाले, "आत्या, तुमची माशी पोहती का? गेल्या साली आमचं सोयाबीन पोहलं." सगळी सभा हसली. मग मी माझं वाक्य टाकलं: ही माशी साऱ्या जगात फक्त आपल्या ओढ्यावर आहे! तू मला बजावलं होतंस की "आजवर फक्त इथे सापडली" एवढंच म्हणायचं. पण शिवकन्या, "आजवर" आणि "सापडली" या शब्दांवर टाळ्या पडत नाहीत. "फक्त" वर पडतात. आणि पडल्या. सरपंच विजयकुमार तसा समजूतदार पोरगा आहे. तो म्हणाला, "जगात एकाच जागी असंल, तर मी भिंत थांबवतो. पण छापील कागद पाहिजे, आत्या. तुमच्या तोंडावर भरोसा हाय, पण वरचे साहेब कागद मागून राहिले." तेव्हापासून अख्खं गाव तुझ्या कागदाची वाट बघून राहिलं आहे. पोरं ओढ्यावर पाहुण्यांना घेऊन जातात आणि जी दिसेल ती माशी दाखवतात.

मीही रोज जात होते, मादीसाठी. करंजाच्या सावलीत, ओल्या मातीवर पोतं टाकून बसायचं आणि हलायचं नाही. मी आणि गप्प! पार्वतीबाईने पहिल्या दिवशी येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पण मला ते बसणं फार आवडायला लागलं. नर पानाच्या टोकावर येतो, उंच पायांवर उभा राहतो, सूर्याकडे अंग वळवतो. एखादं चिलट आलं की झडप घालून खातो आणि पुन्हा तिथेच, जागा राखून ठेवल्यासारखा. कधी दोन्ही पंखे हलवतो, समोर कुणी नसतानाही. तालीम करत असेल. मला त्याच्याबद्दल आपलेपणा वाटायला लागला. पण जोडी काही दिसेना. हिरव्या माद्या पुष्कळ, पण कुणाची कोण ते सांगायला कुणी नाही.

आणि मग गेल्या आठवड्यात हट्ट्याला बचत गटाच्या मेळाव्यात माझं भाषण होतं. आपल्या ओढ्यापासून एसटीने तासाहून जास्त लांब. गटाच्या अध्यक्ष शालूबाई, त्यांच्याच अंगणात मांडव. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून मी हातपाय धुवायला मागे परसात गेले. तिथे मोरीचं पाणी अळूच्या वाफ्यात सोडलं आहे, साबणाच्या फेसासकट. शालूबाई वड्यांसाठी पानं कापत होत्या. त्यांच्या विळ्याच्या पुढच्याच पानावर एक हिरवी माशी उभी होती, आणि तिच्यासमोर, हवेत टांगल्यासारखा, काळे पंखे हलवणारा तो! पांढरं कडं मला भिंगाशिवाय दिसलं. मी शालूबाईंचा हात धरला आणि खाली बसले. नळी पर्समध्येच असते हल्ली. तो पंखे हलवत होता, ती जरा बाजूला सरकत होती, तो पुन्हा पुढे येत होता. मांडवातून माईकवर आवाज आला, "आता येत आहेत आपल्या भागाची मुलुखमैदान तोफ, बेबीबाई!" तोफेचं नाव बेबी, म्हणून नेहमीप्रमाणे बाया हसल्या. तोफ अळूत बसली होती, तोंडात नळी धरून. शालूबाई कुजबुजल्या, "अवो ताई, मंडळी वाट बघून राहिली. तुमी काहून भाजीत बसल्या? पोट बिघडलं का?" मी हातानेच गप्प राहायला सांगितलं. शेवटी ती थांबली, तो तिच्या पाठीवर आला, आणि मी श्वास आत ओढला. दोघंही नळीत! भाषण मी इतकं थोडक्यात आटोपलं की परतताना बसमध्ये दोघी बोलत होत्या, "ताईला बरं नव्हतं वाटतं."

घरी येईपर्यंत मी आनंदात होते. दारात चप्पल काढताना लक्षात आलं. हट्टा. आपला ओढा नव्हे, हट्टा. तुला जे हवं होतं ते सापडलं, आणि तेच माझं "फक्त" घेऊन गेलं. शुद्ध वाहत्या पाण्याची राणी म्हणून मी जिची वाहवा केली, ती शालूबाईंच्या मोरीच्या पाण्यावर सुखाने संसार करते आहे.

जोडी घातलेली स्पिरिटची बाटली चार-दोन दिवस खिडकीत ठेवली. तू सांगितलं होतंस, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची: ठिकाण, तारीख, कुणी पकडली. पेन्सिल हातात घेऊन बसले की वाटायचं, आपल्या ओढ्याचं नाव लिहिलं तर कुणाला कळणार आहे? शालूबाईंनी तर ती माशी एरवी फडक्याने हाकलली असती. जोडी खरी, मादी खरी, तुझं वर्णन पूर्ण, ओढा वाचला, विजयकुमारला कागद मिळाला. एका ठिकाणाच्या नावाने सगळ्यांचं भलं. मी लोकांना पटवण्यात हयात घालवली आहे, शिवकन्या, स्वतःला पटवायला मला कितीसा वेळ लागणार? पण तुझं ते दीड पान पुन्हा काढून वाचलं. त्यात तू डोळ्यांनी पाहिला नाहीस असा एकही शब्द नाही. माझी तशी चिठ्ठी गेली असती तर तेवढी एकच खोटी ओळ त्यात बसली असती, आणि ती बसवणारी मी असते. मग पेन्सिलीला टोक केलं आणि हट्टा लिहिलं, ठळक.

गंमत म्हणजे, लिहिल्यावर मला हलकं वाटलं. ती तिकडेही आहे म्हणजे ती माझ्या भाषणावर जगत नाही, हे किती बरं! आणि हट्ट्याला आहे म्हणून आपल्या काठाचा हक्क उणा होतो, हे मी मानणार नाही. जे दुसरीकडे मिळतं ते इथे नको, असा न्याय लावायचा तर आपलं गाव तरी कशाला ठेवायचं? गावं काय कमी आहेत? हे मी सभेत म्हणणार आहे. उत्तमरावांच्या सोयाबीनचंही म्हणणार आहे, कारण काठावर बसून बसून मला दिसलं आहे की पाणी त्यांच्या शेतात ओढ्याच्या वळणांमुळे नाही, वरच्या पुलाच्या बुजलेल्या नळ्यांमुळे शिरतं. नळ्या मोकळ्या करा, भिंतीचं पुढे बघू. लोक ऐकतील का? माहीत नाही. या मुद्द्यावर टाळ्या पडणार नाहीत, एवढं मात्र नक्की.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते सांगते. सभा उद्या सकाळी आहे, आणि मी स्वतःला चांगली ओळखते. माईक हातात येईल, समोर गाव बसलेलं असेल, विजयकुमार विचारेल, "आत्या, कागद कुठवर आला?" आणि ते जुनं वाक्य माझ्या आधी माझ्या तोंडातून बाहेर पडेल. बाटली खिडकीत असेपर्यंत चिठ्ठी बदलता येते. म्हणून ती आज घराबाहेर जायला हवी. आपल्या तांड्यावरचा देविदास सुट्टी संपवून तुझ्या पुण्याला कामावर निघाला आहे, संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने. उद्या मी बोलायला उभी राहीन तेव्हा जोडी तुझ्या टेबलावर असेल, आणि माझ्याकडे खरं बोलण्यावाचून दुसरं काही शिल्लक नसेल. तो दारात येऊन उभा आहे. "आत्या, आटपा, गाडी चुकल," म्हणतो आहे. आधी बाटली त्याच्या हातात देते, मग खाली सही करते.

दिली.

तुझीच, उद्याच्या सभेला जरा घाबरलेली,
बेबीआत्या