वाळत घातलेला झेंडा

माटाई क्रीक, साउथलंड
१२ जुलै २०१५

प्रिय एव्हिस,

तुझं पत्र मिळालं, खोलीचे फोटोही मिळाले. इकडे सगळं ठीक. थंडी अशी की परवा दोरीवरचे कपडे गोठून पुठ्ठा झाले. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. तुमच्या ब्रिस्बेनला जुलैतही लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात, याचा मला पूर्वी राग यायचा. आता नुसती कीव येते.

खोलीला दिलेला निळा रंग छान आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी झेंड्याचं सांगते. सरकारला देशाचा झेंडा बदलायचाय हे तू ऐकलं असशीलच. नवा कसा असावा ते जनतेलाच विचारलंय. कुणीही चित्र काढावं, खाली त्याचा अर्थ लिहावा, की ते इंटरनेटवर साऱ्या जगाला दिसतं. आपल्या लोकांना असं मोकळं सोडल्यावर ते काय करतात, हे तुला मी सांगायला नको.

गेल्या मंगळवारी वेलिंग्टनहून फिलिपा नावाची एक मुलगी आपल्या हॉलमध्ये लोकांची मतं घ्यायला आली. बिचारीने खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा मांडल्या होत्या. आलो आम्ही मोजकी टाळकी, तीही दुकानवाली बेव्ह चीज रोल करून आणणार होती म्हणून.

"आपल्या देशाची ओळख कशात आहे, असं वाटतं तुम्हाला?" फिलिपाने विचारलं.

"चिखलात," म्हातारा कॉलिन म्हणाला आणि त्याने कागदावर काढलेला एकच गमबूट दाखवला.

"दुसरा कुठाय?"

"कुत्र्यानं पळवला. नेहमी तसंच होतं ना, पोरी!"

बेव्हने कुंपणावरून डोकावणारी मेंढी काढली, डोळ्यांच्या जागी तारे. म्हणे, मेंढ्यांना मत द्यायला मिळालं तर हाच झेंडा निवडून येईल. एकाने कोरा कागदच दिला. "हे धुकं आहे. मागे सगळा देश आहे, दिसत नाही एवढंच." हसून हसून पुरेवाट झाली. फिलिपानेही शेवटी पेन खाली ठेवलं आणि चीज रोल उचलला.

मग हेमीने आपला कागद वर धरला. हेमी तुला आठवतो ना, पलीकडच्या घरातला? जन्मभर मेंढ्या भादरल्या, आता पाठ धरते म्हणून गाजरं लावतो. माझ्या लेसच्या शेवटच्या आजारपणात न सांगता आमची लाकडं फोडून ठेवायचा, तोच. त्याने वरती आताच्या झेंड्यातले आपले चार तारे होते तसे ठेवले होते आणि खाली कपडे वाळत घालायची दोरी काढली होती. दोरीवर दोनच कपडे. एक त्याचं काळं बनियन. शेजारी पिवळा गाऊन, पोटावर हा एवढा मोठा खिसा असलेला.

"वारा इथे फुकट आहे," हेमी म्हणाला. "मग फडकवायचं ते धुणंच फडकवू."

"हा गाऊन कुठेतरी पाहिलाय," बेव्ह म्हणाली.

"कुठेतरी काय? सगळा उन्हाळा हेमीच्या परसात लटकत होता की," कॉलिन म्हणाला.

एव्हिस, तू शिवलेला गाऊन तो. मी गोरीमोरी झाले. म्हटलं, "माझी कपडे वाळत घालायची फिरती दांडी वादळात मोडली, म्हणून त्याच्या दोरीवर घालते. उगाच काहीतरी!"

बेव्ह म्हणाली, "अगं, नवी दांडी तू कधीच नेलीस. माझ्याच दुकानातून!"

नेली होती. बसवलीही होती. तिच्यावर एक रुमालसुद्धा वाळत घातला नाही. रोज सकाळी टोपली उचलायचे आणि पाय आपोआप कुंपणापलीकडे जायचे. तो चिमटे द्यायचा, मी लावायचे, मग त्याच्या स्वयंपाकघरात चहा. बोलायचो फार थोडं. घरी परतले की दिवस लांबलचक वाटायचा.

फिलिपाने अर्ज पुढे ओढला. "खाली अर्थ काय लिहू?"

"लिही, घरं दोन, दोरी एक. वारा जोरात, पण चिमटे पक्के." मग हेमी माझ्याकडे वळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. "दोन घरांचं एक करायचं असेल तर तसं लिहील ती. रेविन, तू म्हणशील ते."

कॉलिनचा घास हातातच राहिला.

मी म्हटलं, "एक लिही. आणि स्वच्छ अक्षरात लिही, नाहीतर वेलिंग्टनच्या लोकांना समजायचं नाही."

झालं. नमनालाच घडाभर तेल गेलं, पण सांगायचं होतं ते हे. मी ब्रिस्बेनला राहायला येत नाही, एव्हिस. ते चित्र इंटरनेटवर लागलंय. तुझ्या नातीने दाखवलं तर गाऊन तू क्षणात ओळखशील, आणि त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं.

तुझ्या खोलीचे फोटो बघून मी रडले. लेस गेल्यावर तू रोज फोन केलास, माझ्यासाठी भिंती रंगवल्यास, खिडकीत कुंडी ठेवलीस. मला यायचं नव्हतं आणि तुला एकटं ठेवायचंही नव्हतं, म्हणून गेली दोन पत्रं नुसती हवापाण्याची लिहिली. तू म्हणशील, या वयात? हो, याच वयात. लेसशी केलेला संसार विसरले नाही. त्याचा कोट हेमीच्या दाराशी टांगलाय, आणि खुंटी हेमीने स्वतः ठोकली. मी सुखात आहे गं. हे लिहितानासुद्धा हसू येतंय.

झेंडा आमचा काही निवडला जायचा नाही. मेंढीपुढे कुणाचं चालणार? पण मी हेमीकडे राहायला आले, त्यामुळे माझं घर आता रिकामं आहे. हेमीने तुझे फोटो नेऊन बेव्हकडून तोच निळा रंग आणलाय आणि तिथल्या पूर्वेकडच्या खोलीची एक भिंत रंगवूनही झाली. रागावलीस तर फोनवर भांड, पण ऑक्टोबरात ये. आवडलं तर परत जाऊ नकोस. येताना स्वतःसाठीही एक गाऊन शिवून आण, दोरी लांब आहे.

पाकिटामागच्या नव्या पत्त्यावरून, तुझीच,
रेविन